तुम्ही विचारलेत म्हणून: ही विमाने उडतात का?

माझ्या कपाटातल्या, किटमधले (खोक्यातून येणारे) सुटे भाग जोडून मी बनवलेल्या प्लॅस्टिकच्या छोट्या विमानांसमोर उभा राहिलेला पाहुणा, मग तो लहान असो की मोठा, पहिला प्रश्न बहुधा हाच विचारतो की ही उडतात का. उडत नाहीत असे कळल्यावर दुसरा प्रश्न येतो, जो सभ्य माणसे मनात ठेवतात आणि मोकळ्या स्वभावाची माणसे बोलून दाखवतात: उडत नाहीत, तर मग आयुष्यभर हा खटाटोप कशासाठी? आजवर या प्रश्नाला मी समोरचा माणूस पाहून दोन वाक्यांत उत्तर देऊन वेळ मारून नेत आलो. इथे ते जरा सविस्तर देतो.

ही विमाने उडत नाहीत म्हणूनच ती खऱ्या विमानासारखी दिसू शकतात, हे माझे खरे उत्तर आहे. विमान लहान करता येते, हवा लहान करता येत नाही. या छंदात सर्वांत रुळलेले प्रमाण एकास बहात्तर हे आहे. या प्रमाणात विमानाची लांबी बहात्तराव्या हिश्शावर येते, पंखांचे क्षेत्रफळ ५,१८४ पटींनी घटते आणि वजन मात्र ३,७३,२४८ पटींनी कमी व्हावे लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळातले स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान उड्डाणाच्या वेळी अडीच टनांहून थोडे अधिक भरत असे. त्याच हिशेबाने त्याची प्रतिकृती सात ग्रॅमची, म्हणजे छपाईच्या दीड कागदाएवढ्या वजनाची व्हायला हवी, आणि प्लॅस्टिकचे किट याच्या कितीतरी पट जड असते. शिवाय एवढ्याशा पंखावरून वाहणारी हवा मोठ्या पंखावरच्या हवेसारखी वागत नाही. त्यामुळे जे लोक उडणाऱ्या प्रतिकृती बनवतात, आणि त्यांच्या कौशल्याविषयी मला अपार आदर आहे, त्यांना शेपटी थोडी मोठी करावी लागते, पंखांचा वरच्या दिशेचा चढ वाढवावा लागतो, नाकावरचा फिरता पंखा मुळापेक्षा मोठा घ्यावा लागतो. त्यांना हवेला जाब द्यायचा असतो, मला फक्त मूळ विमानाला. माझ्या स्पिटफायरचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १५६ मिलिमीटर भरले पाहिजेत, कारण खऱ्याचे ११.२३ मीटर होते. त्यात हवेची सबब चालत नाही.

हे बहात्तरचे प्रमाण फूट-इंचांच्या हिशेबातून आले आहे. सहा फुटांचे बहात्तर इंच होतात, म्हणून सहा फुटी वैमानिक या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. ब्रिटनमध्ये १९३२ साली लाकडी भागांची ‘स्कायबर्ड्‌स’ किट्स या प्रमाणात निघाली, १९३६ मध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ने प्लॅस्टिकची काढली आणि तेव्हापासून हा आकडा चिकटला तो चिकटलाच. न उडणाऱ्या विमानाचा उपयोग काय, असे अगदी अडूनच विचारणाऱ्यांना मी १९४२ सालची हकिकत सांगतो. त्या वर्षी अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडे याच प्रमाणातली पाच लाख लाकडी विमाने मागितली होती. ती काळी रंगवून सैनिकांना दाखवायची, म्हणजे आकाशातले विमान आपले की शत्रूचे हे नुसत्या आकारावरून ओळखता यावे. पस्तीस फुटांवर धरलेली अशी प्रतिकृती जवळजवळ अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. पस्तीसला बहात्तरने गुणून पाहावे. माझ्या विमानांचा मात्र असा काही राष्ट्रीय उपयोग नाही, हेही मी लगेच कबूल करतो.

मला स्वतःला या उद्योगातून मिळते ते असे की विमान का तसे आहे, हे हातांना कळते. छायाचित्र पाहताना डोळा अडचणीची जागा ओलांडून पुढे जातो. जोडताना तसे पुढे जाता येत नाही, कारण प्रत्येक भाग कुठे आणि किती कोनात बसवायचा हे ठरवल्याशिवाय काम सरकतच नाही. इटलीचे माक्की सी.२०२ हे लढाऊ विमान घ्या. त्याच्या चांगल्या किटमधले दोन पंख स्प्रूमधून, म्हणजे सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यातून, कापून एकमेकांवर ठेवले तर डावा पंख जवळजवळ तीन मिलिमीटरने लांब निघतो. नवख्याला वाटते की साचा चुकला. चूक कसलीच नसते. इंजिन पंख्याला एका दिशेने फिरवते तेव्हा त्याची प्रतिक्रिया म्हणून विमान डावीकडे कलू पाहते, आणि ते सावरण्यासाठी या विमानाच्या रचनाकारांनी डावा पंखच सुमारे वीस सेंटिमीटरने लांब केला होता, म्हणजे त्या बाजूला उचल थोडी अधिक मिळावी. ही माहिती पुस्तकात एका ओळीत वाचून विसरता येते. दोन पंख बोटांत धरून एकदा पाहिले की ती विसरता येत नाही.

मेसरश्मिट १०९ या जर्मन लढाऊ विमानाचेही तसेच. त्याच्या चाकांचे पाय पंखांत नव्हे, धडाला जोडलेले असतात आणि तिथून तिरपे बाहेर येतात. हे गैरसोयीचे वाटते, आणि जमिनीवर धावताना ते होतेही, कारण दोन चाकांमधले अंतर कमी राहते. पण त्यामुळे विमान स्वतःच्या चाकांवर उभे असताना दोन्ही पंख काढून दुरुस्त करता येत किंवा वाहून नेता येत. ते पाय योग्य कोनात बसवण्यासाठी धडपडताना या सौद्याच्या दोन्ही बाजू नीट समजतात. सुरुवातीच्या स्पिटफायरच्या पंखांखालची दोन शीतके वेगवेगळ्या आकारांची का, हा प्रश्नही मला किटमुळेच पडला. डाव्या पंखाखाली तेल थंड करणारे अरुंद शीतक होते आणि उजव्याखाली इंजिनाचे रुंद रेडिएटर. पुढच्या काळात इंजिन बळकट झाले आणि दोन्ही बाजू सारख्या दिसू लागल्या.

जोडण्याच्या कामाविषयी एक गैरसमज आहे की आम्ही भाग ‘चिकटवतो’. पॉलिस्टायरीनला लावतात तो द्रव गोंदासारखा काम करत नाही. तो प्लॅस्टिक विरघळवतो आणि दोन कडा एकमेकींत मिसळून जातात. धडाचे दोन अर्धे भाग कोरडेच एकत्र धरायचे, सांध्यावर ब्रशचे टोक नुसते टेकवायचे, की द्रव आपसूक फटीत शिरून सांध्याच्या रेषेवरून पळत जातो. काही क्षण थांबून बोटांनी दाबले की फटीतून वितळलेल्या प्लॅस्टिकची दोऱ्यासारखी बारीक कड वर येते. ती आली म्हणजे सांधा भरला. तिला त्या दिवशी हात लावायचा नाही. पूर्ण कडक झाल्यावर पात्याने खरवडायची, मग चारशे, सहाशे आणि हजार क्रमांकाच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासायची. जिथे कड आली नाही तिथे खळगा राहतो आणि लांबी (पुट्टी) भरावी लागते. खिडकी उघडी ठेवावी, कारण हे द्रव हुंगण्यासारखे नसतात. वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक आवरणाला, म्हणजे कॅनॉपीला, मात्र यांपैकी काहीच लावू नये. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने तर ती पांढुरकी पडते. तिथे लाकूडकामाचा साधा पांढरा गोंदच बरा.

आता, वर मी मूळ विमानाला जाब देण्याची मोठी गोष्ट केली, तिला एक जबरदस्त अपवाद आहे. बहुतेक किट्सवर पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेषा असतात. अशी रेषा ०.२ मिलिमीटर रुंद धरली, तर खऱ्या विमानावर ती १४ मिलिमीटरची चर होईल, बोट घालता येईल एवढी. खरे जोड यापेक्षा कितीतरी बारीक असतात. प्रमाणात राहायचे तर त्या रेषा दिसताच कामा नयेत. तरीही आपण त्या ठेवतो, वर त्यांत गडद रंग सोडून उठावदार करतो, कारण रेषा नसलेले विमान डोळ्याला खेळण्यातले वाटते. मस्टँग या अमेरिकी लढाऊ विमानाच्या बाबतीत तर हा प्रकार फारच गमतीचा आहे. त्याच्या पंखांवरून हवा विनाअडथळा सरकावी म्हणून कारखान्यातच पंखाच्या पुढच्या भागातले जोड आणि रिव्हेट लांबी भरून, घासून, वरून रंगवून गुळगुळीत केले जात. किट बनवणारे मात्र त्या रेषा हौसेने कोरून देतात, आणि मग माझ्यासारखे लोक बसून त्या पुन्हा लांबीने भरतात. रंगाचेही असेच. मूळ रंगाची हुबेहूब छटा लहान प्रतिकृतीवर लावली तर ती गडद वाटते, कारण दूरच्या वस्तूचा रंग मधल्या हवेमुळे फिका दिसण्याची आपल्याला सवय असते. म्हणून त्यात किंचित पांढरा मिसळतात. किती मिसळायचा यावर तासन्‌तास वाद घालणारे लोक आहेत. मी डोळ्याला पटेपर्यंत मिसळतो आणि वादापासून लांब राहतो.

धड बंद झाल्यावर आतले कॉकपिट दिसतही नाही, मग ते का रंगवता, हा आणखी एक नेहमीचा प्रश्न. याचे प्रामाणिक उत्तर असे की मी आता फारसे रंगवत नाही. या प्रमाणात कॅनॉपीतून आसनाचा माथा, उपकरणफलकाची वरची कड आणि दोन्ही बाजूंचा थोडा भाग दिसतो. तेवढा मनापासून करतो आणि उरलेल्याला एकच रंग देतो. आसनाखालचे पट्टेसुद्धा बनवणारे कारागीर आहेत, त्यांना दुरून नमस्कार. न दिसणारे एक काम मात्र टाळून चालत नाही. पी-३८ लाइटनिंगसारख्या, पुढे नाकाखाली चाक असलेल्या विमानाच्या नाकात वजन भरावे लागते, आणि तेही धड बंद करण्याआधी. नाहीतर पुरे झालेले विमान शेपटीवर बसते. लाइटनिंगच्या नाकात जागा फार थोडी असते, म्हणून इंजिनांच्या पुढच्या पोकळ्यांतही शिसे कोंबावे लागते.

चिकाटीबद्दल जे कौतुक होते ते मी निमूटपणे ऐकून घेतो, पण खरी चिकाटी एकाच ठिकाणी लागते, ती डिकॅल, म्हणजे विमानावरची चिन्हे आणि आकडे छापलेली पातळ चित्रे, लावताना. रंगाच्या खरखरीत पृष्ठभागावर डिकॅल लावले तर खाली हवा अडकून चंदेरी चट्टे दिसतात, म्हणून आधी चकचकीत वॉर्निश द्यायचे. मग डिकॅल पाण्यात भिजवून कागदावरून सरकवत जागी न्यायचे आणि वरून ते मऊ करणारे रसायन लावायचे. यानंतर काही मिनिटांत ते सुरकुतते, आकसते, आणि आता गेले सगळे असे वाटते. तेव्हा हात मागे बांधून बसायचे. ते आपोआप सपाट होते आणि रेषा-रिव्हेटांत जाऊन बसते. मध्येच बोट लावले तर मात्र फाटते.

शेवटचा प्रश्न बहुधा आईवडील विचारतात: मुलांना सुरुवातीला कोणते द्यावे? एका इंजिनाचे, पंख धडाच्या खालच्या बाजूला असलेले, दुसऱ्या महायुद्धातले लढाऊ विमान, एकास बहात्तरमध्ये. दोन मजली पंखांचे विमान नको, कारण मधले खांब आणि तारा मोठ्यांनाही छळतात. चंदेरी रंगाचेही नको, कारण त्या रंगाखाली प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. रंग फवारणाऱ्या एअरब्रशची घाई करू नये, ब्रश पुरतो. पाते आणि द्रव हाताळताना शेजारी बसावे. आणि पंख जोडले की विमान समोरून, डोळ्याच्या रेषेत धरून दोन्ही पंखांचा चढ सारखा आहे का ते लगेच पाहावे, कारण सांधा मऊ आहे तोवरच तो बोटाने सरळ करता येतो.