आईचा पुष्कराज आणि जयपूरची एक दुपार

जयपूरला निघताना आईची अंगठी मुद्दाम बरोबर घेतली होती. तिच्या पावतीवर ‘गोल्डन टोपाझ’ लिहिलेलं, आणि आई मात्र तिला कायम ‘माझा पुष्कराज’ म्हणते.

जोहरी बाजारातून गोपालजी का रास्ता या गल्लीत शिरलं की व्यवहार फुटपाथवरच दिसू लागतो. कागदाची पुडी उलगडते, तळहातावर नंग येतात, दोघं उजेडाकडे वळून निरखतात, पुडी पुन्हा मिटते. अशाच एका वरच्या मजल्यावरच्या दुकानात एका वयस्कर जौहरींसमोर मी अंगठी ठेवली.

त्यांनी आधी भिंगातून पाहिलं. मग रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या उपकरणाच्या, काचेवर दाट द्रवाचा एक थेंब सोडला, त्यावर खडा पालथा ठेवला आणि मलाच बघायला सांगितलं. आतल्या पट्टीवर सावलीची कड १.५४४वर होती. अंगठी जराशी फिरवली तर दुसरी कड १.५५३वर. टोपाझ असता तर आकडा १.६१च्या आसपास किंवा वर गेला असता, पिवळा नीलम असता तर १.७६च्याही वर. “बहनजी, ये सुनेला है.” सुनेला म्हणजे सिट्रिन, पिवळा स्फटिक (क्वार्ट्झ).

घोळ शब्दातच आहे. कोशात पुष्कराज म्हणजे टोपाझ. सराफाकडे आणि ज्योतिषाकडे पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम. आणि ‘गोल्डन टोपाझ’ या नावाखाली वर्षानुवर्षं सिट्रिन विकला गेला. ‘स्मोकी टोपाझ’ही स्फटिकच, आणि ‘केप रूबी’ हा गार्नेट, माणकाहून वेगळाच खडा. ब्रिटिश राजमुकुटातला ‘ब्लॅक प्रिन्स रूबी’सुद्धा माणिक नाही, स्पिनेल नावाचं वेगळं रत्न आहे. स्पिनेलला इथे लालडी म्हणतात. त्याच दुकानात डायक्रोस्कोपमधून, म्हणजे खड्यातून येणारा प्रकाश दोन भागांत वेगळा करून दाखवणाऱ्या नळीतून, माणिक बघितलं तर शेजारशेजारच्या दोन चौकटींत लाल रंगाच्या दोन वेगळ्या छटा दिसल्या. लालडीच्या दोन्ही चौकटी अगदी सारख्या. ते पाहताना मी खरंच हरखून गेले!

व्यापारी नाव म्हटलं की फसवणूकच, असं मात्र मला वाटत नाही. निळ्या झोइसाइट या खनिजाला टिफनी या अमेरिकन जवाहिर कंपनीने १९६८ साली टांझानाइट म्हटलं, तेव्हा ते नाव एकाच रत्नाचं राहिलं. दुसऱ्या महागड्या रत्नाचं नाव उसनं घेतलं जातं, तिथे मला राग येतो. म्हणून पावतीवर खनिजाचं नाव मागाच, आणि खडा तापवलेला आहे का तेही लिहून घ्या. बाजारातला बराचसा सिट्रिन तापवलेला ॲमेथिस्ट, म्हणजे मुळात जांभळा स्फटिक, असतो.

रात्री आईला फोन केला. ती क्षणभर गप्प राहिली.

“सुनेला,” तिने नाव उच्चारून पाहिलं. “बरं, कोंदण सैल झालंय. तिथेच घट्ट करून आण.”