तिसऱ्या शनिवारनंतर न आलेल्या डॉक्टर

अभिप्रायाचे फॉर्म एकजात चांगले होते. ‘कार्यशाळा उपयुक्त वाटली का?’ पाचपैकी पाच. ‘वक्त्यांनी विषय नीट मांडला का?’ पाचपैकी पाच. ‘आत्मविश्वास वाढला का?’ पाच, क्वचित चार. खाली सूचनांसाठी सोडलेल्या ओळींत ‘खूप छान उपक्रम’, ‘असे कार्यक्रम वारंवार व्हावेत’. एका ट्रस्टच्या मेडिकल कॉलेजने आपल्या महिला डॉक्टरांसाठी नेतृत्व आणि करिअरचा वर्षभराचा कार्यक्रम घेतला होता. त्याचं मूल्यमापन माझ्याकडे आलं, आणि संयोजकांच्या मते हे फॉर्म म्हणजेच निम्मं मूल्यमापन होतं.

फॉर्म खोटे होते असं मी म्हणणार नाही. ओपीडी, वॉर्ड आणि विद्यार्थ्यांची प्रॅक्टिकल्स उरकून आलेल्या बाईला कुणी समोर बसवून ‘तुम्हाला पुढे काय करायचंय?’ असं विचारलं तर बरं वाटणारच. आमच्या कामात डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली मांडलेल्या चार पायऱ्या सगळ्यांना पाठ असतात. शिकणाऱ्याला कसं वाटलं, तो काय शिकला, कामावर परतल्यावर वेगळं काय करू लागला, आणि त्यामुळे संस्थेत काय बदललं. हे फॉर्म पहिल्याच पायरीवर थांबले होते. शिवाय ते भरले होते शेवटच्या सत्राला हजर असलेल्या डॉक्टरांनी. ज्या मधेच यायच्या बंद झाल्या त्यांचा आवाज कुठेच नव्हता.

म्हणून जाण्याआधीच मी कॉलेजला पत्र पाठवून तीन गोष्टी मागवल्या: सत्रवार हजेरी, सत्रं झाली त्या शनिवारांच्या सगळ्या विभागांच्या ड्यूटी लिस्ट, आणि कॉलेजच्या समित्यांची वर्षापूर्वीची व आत्ताची यादी. हजेरी लगेच आली. ड्यूटी लिस्टसाठी मात्र ऑफिसातून दोनदा विचारणा झाली, ‘मॅडम, याचा कार्यक्रमाशी काय संबंध?’

कार्यक्रमाचा आराखडा मला मनापासून आवडला होता, हे आधी सांगायला हवं. महिन्यातून एक शनिवार, दुपारी दोन ते पाच. विभागाचं बजेट कसं वाचायचं, संशोधनाच्या निधीसाठी प्रस्ताव कसा लिहायचा, वाटाघाटी कशा करायच्या, हाताखालच्या माणसांतली भांडणं कशी सोडवायची. प्रत्येकीला एक ज्येष्ठ मार्गदर्शक. संयोजक मॅडम शरीरक्रियाशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. त्यांनी फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या ‘एलॅम’चा नमुना समोर ठेवला होता. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ज्येष्ठ प्राध्यापिकांसाठी तो कार्यक्रम १९९५ पासून चालतो. ड्रेक्सेलच्या मेडिकल कॉलेजचं एक मूळ म्हणजे जुनं वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या त्या तिथूनच. उद्घाटनाला व्यासपीठावर आनंदीबाईंचा फोटो होता. तो तिथे का आहे हे मॅडमनी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं होतं.

पण ‘एलॅम’मध्ये एक अट आहे. निवड झालेल्या प्राध्यापिकेमागे तिचे डीन उभे असावे लागतात, आणि तिने वर्षभरात स्वतःच्याच संस्थेतला एक प्रकल्प हाती घ्यायचा असतो. म्हणजे बाई शिकते आणि तिच्याबरोबर संस्थेलाही काहीतरी करावं लागतं. आपल्याकडे येताना सत्रं तेवढी आली, ही अट वाटेत गळाली. ते किती महागात पडलं हे मला त्या एका शुक्रवारी दिसलं.

सकाळी लायब्ररीतल्या सेमिनार रूममध्ये गटचर्चा ठेवली होती. कार्यक्रम पूर्ण केलेल्या डॉक्टर जमल्या. कार्यक्रम कसा वाटला हे मी विचारलंच नाही. विचारलं ते हे, की गेल्या सहा महिन्यांत असं काय घडलं, जे हा कार्यक्रम नसता तर घडलं नसतं? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग स्त्रीरोग विभागातल्या असोसिएट प्रोफेसर म्हणाल्या, “आमच्या लेबर रूमचा फ्रीज.”

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. उबेत राहिलं की त्याची ताकद कमी होते, आणि अँप्यूल हातात घेऊन ते ओळखता येत नाही. त्यांच्या लेबर रूमला एकच फ्रीज. त्यात इंजेक्शनं, पाण्याच्या बाटल्या, स्टाफचे डबे, सगळं एकत्र. दार दिवसभर उघडबंद. वेगळा फ्रीज हवा म्हणून त्या कितीतरी दिवस तोंडी सांगत होत्या आणि ‘बघू, पुढच्या बजेटला’ हे उत्तर ऐकत होत्या. बजेटच्या सत्रात त्यांना कळलं की अशा खरेदीचं शीर्षच वेगळं असतं आणि त्यात पैसे शिल्लक आहेत. त्यांनी सिस्टरना सांगून पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ तापमानाच्या नोंदी ठेवल्या, एका पानाचा प्रस्ताव केला आणि मार्गदर्शकांकडे दिला. मार्गदर्शक सर सर्जरीचे, खरेदी समितीचे सदस्य. त्यांनी तो मांडला, मंजूर झाला.

चर्चा संपल्यावर मी मुद्दाम लेबर रूममध्ये गेले. फ्रीज कोपऱ्यात होता, दारावर थर्मामीटर, शेजारी खिळ्याला अडकवलेला तक्ता. सिस्टरच्या अक्षरात ४, ५, ४, ६ असे आकडे. एका रात्रीच्या रकान्यात ११, आणि त्यापुढे लाल शाईत ‘लाईट गेली, जनरेटरवर घेतला’. रक्तस्रावाने बाई हातची जाताना ज्यांनी पाहिली आहे त्यांनाच तो तक्ता काय आहे हे कळेल. ही चौथी पायरी. आणि अभिप्रायाच्या एकाही फॉर्ममध्ये तिच्यासाठी जागा नव्हती, कारण फॉर्मने मॅडमना त्यांच्या आत्मविश्वासाबद्दल विचारलं होतं, कामाबद्दल नाही.

त्याच गटचर्चेत मेडिसिनच्या एक सीनियर रेसिडेंट शेवटपर्यंत गप्प होत्या. निघताना म्हणाल्या, “मॅडम, सत्रं खरंच चांगली होती. पण ड्यूटी रूमची कडी लावून द्या म्हणून मी तीनदा अर्ज दिलाय. तो कोणाकडे द्यायचा हे एकाही सत्रात आलं नाही.” ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिची हत्या झाली. देशभर डॉक्टर रस्त्यावर आले, सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमलं. त्यानंतरही ही रेसिडेंट मुलगी रात्री दाराला खुर्ची लावून झोपत होती. तिच्याशी नेतृत्वाबद्दल बोलायचं तर सुरुवात त्या कडीपासून व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. मी ती नोंद त्याच दुपारी लेखी दिली, अहवालाची वाट न बघता.

मग मी हजेरी आणि ड्यूटी लिस्ट शेजारी शेजारी मांडून बसले. अर्ध्या तासात चित्र स्पष्ट झालं. शेवटपर्यंत टिकलेल्या बहुतेक डॉक्टर अॅनाटॉमी, बायोकेमिस्ट्री, पॅथॉलॉजी, पीएसएम (सामाजिक व प्रतिबंधक वैद्यक), त्वचारोग अशा विभागांतल्या. गळालेल्या भूलशास्त्र, स्त्रीरोग, बालरोग आणि मेडिसिनमधल्या, म्हणजे जिथे इमर्जन्सी येते तिथल्या. फ्रीजवाल्या मॅडम स्त्रीरोगच्याच, पण त्यांच्या एचओडी, म्हणजे विभागप्रमुख मॅडमनी सत्राचा शनिवार त्यांच्या ड्यूटीतूनच काढून टाकला होता. बाकीच्यांसाठी तसं कुणी केलं नव्हतं.

गळालेल्यांत भूलशास्त्राच्या एक असिस्टंट प्रोफेसर होत्या. तिसऱ्या सत्रानंतर त्यांच्या नावापुढे रेघ, शेऱ्यात ‘वैयक्तिक कारण’. त्या दिवशी त्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या. दोन केसच्या मधे ओटीतल्या चहाच्या खोलीत भेटल्या, मास्क गळ्यात, डोक्यावर टोपी तशीच.

“वैयक्तिक कारण? मला तर कुणी कारण विचारलंच नाही,” त्या म्हणाल्या.

सत्राचा वेळ ड्यूटीत धरला जात नव्हता. शनिवारी दुपारी सुटायचं तर सहकाऱ्याशी अदलाबदल करून शुक्रवारची रात्र घ्यावी लागे. पहिल्या दोन वेळा त्यांनी ते केलं. तिसऱ्या शुक्रवारी रात्री आधी एक सिझेरियन, मग अपेंडिक्स, मग पहाटे अपघाताची केस. सकाळची ओटी लिस्ट उरकून त्या दोनला सत्रात जाऊन बसल्या.

“विषय होता स्वतःसाठी वेळ कसा काढावा. वक्त्या फार चांगलं बोलत होत्या, मॅडम. मला रडू यायला लागलं, म्हणून मी उठून गेले. परत जावंसं वाटलं नाही.”

थोडं थांबून त्यांनी पाळणाघराचा विषय काढला. त्यांची मुलगी तेव्हा दीड वर्षाची. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, असं प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली आलं, आणि या कॉलेजात ते आहे. स्वच्छ आहे, मावशी प्रेमळ आहेत. पण ते उघडतं नऊला. “पहिल्या पेशंटला भूल आठला द्यायची असते. तो एक तास मुलीला कुठे ठेवू? आणि शनिवारी ते एकला बंद होतं. तुमचं सत्र दोनला.”

एवढ्यात दारातून सिस्टरने हाक मारली, पेशंट टेबलावर घेतला होता. मास्क वर ओढून त्या गेल्या. मी तिथेच बसून सगळं लिहून काढलं, शब्द बदलू नयेत म्हणून.

संध्याकाळी डीन सरांच्या केबिनमध्ये बैठक होती. समित्यांची यादी मी तिथे मांडली. कार्यक्रमानंतर महिला डॉक्टरांची नावं समित्यांत वाढली होती, ही गोष्ट खरी. पण वाढली होती ती गॅदरिंग, स्वागत, वार्षिक अंक यांत. अंतर्गत तक्रार समितीत त्या आधीपासून होत्या, कारण २०१३ च्या कायद्यानुसार तिथे अध्यक्ष महिलाच लागते आणि निम्म्या सदस्य तरी महिला असाव्या लागतात. खरेदी, नेमणुका, बांधकाम या समित्यांच्या याद्या वर्षापूर्वी होत्या तशाच होत्या. फ्रीजचं उदाहरण मी इथेच सांगितलं. प्रस्ताव मॅडमचा, नोंदी त्यांच्या, पण इतिवृत्तात विषय मांडणारे म्हणून नाव सरांचं. सर चांगलेच होते, त्यांनी मनापासून मदत केली. तरी पुढच्या वेळी मॅडमना पुन्हा कुणीतरी सर शोधावेच लागणार.

डीन सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मॅडम, हा कार्यक्रम महिलांच्या विकासाचा आहे. ड्यूटी लिस्ट हा विभागांचा प्रश्न. तुम्ही दोन्ही एकत्र करताय.” मी म्हटलं, “सर, ड्यूटी लिस्टनेच तुमचा कार्यक्रम अर्धा केलाय. एकत्र मी नाही केलं, ते आधीपासून एकत्रच आहे.”

त्यावर संयोजक मॅडम बोलल्या. दिवसभर त्या काहीशा दुखावलेल्या होत्या, मला ते दिसत होतं. त्यांनी वर्षभर खपून उभं केलेलं काम मी उसवत होते. पण म्हणाल्या, “सर, मेडिकल एज्युकेशनच्या बेसिक कोर्सला आपण ड्यूटी लीव्ह देतोच ना? तो पदोन्नतीला लागतो म्हणून सगळे विभाग मुकाट्याने माणसं सोडतात. यालाही तसंच पत्र काढा. नाहीतर मी पुढची बॅच घेणार नाही.”

डीन सरांनी ऑफिस अधीक्षकांना बोलावून पत्राचा मसुदा करायला सांगितलं. पाळणाघराचा विषय ट्रस्टच्या बैठकीत जाईल म्हणाले.

अहवालावरून थोडी रस्सीखेच झाली. त्यांना समाधानाची टक्केवारी पहिल्या पानावर हवी होती. मी ती परिशिष्टात ठेवली, आणि पहिल्या पानावर सरळ लिहिलं की ज्यांना रात्रपाळी नाही त्यांना या कार्यक्रमाचा फायदा झाला, आणि ज्यांना आहे त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही. ते वाक्य काढावं म्हणून दोन फोन आले. ते तसंच राहिलं.

आता दुसरी बॅच सुरू आहे. सत्र बुधवारी दुपारी असतं आणि ड्यूटीत धरलं जातं. पाळणाघर साडेसातला उघडू लागलंय, शनिवारचा वेळ मात्र अजून एकपर्यंतच. ड्यूटी रूमला कडी लागली. भूलशास्त्राच्या मॅडमनी या वेळी अर्ज केला नाही. मुलगी शाळेत जायला लागली की बघेन म्हणाल्या, आणि मी आग्रह केला नाही. फ्रीजवाल्या मॅडमना खरेदी समितीवर घेतलंय, पण ‘विशेष निमंत्रित’ म्हणून. म्हणजे त्या बोलू शकतात, निर्णयात त्यांचं मत धरलं जात नाही. वर्षअखेरीला मी या समितीची सगळी इतिवृत्तं मागवणार आहे. कुठला विषय कोणाच्या नावाने मांडला गेला हे त्यात लिहिलेलं असतं.