तुम्ही विचारलंत म्हणून: आखूड अँटेनातली ताकद जाते कुठे?

"हॅम रेडिओवर (हौशी रेडिओवर) गाडीवरच्या अडीच मीटरच्या अँटेनाच्या दांड्यावरून ७ मेगाहर्ट्झला बोलता, मग निम्मी ताकद वाया जात नाही का?" हे मला सारखं विचारलं जातं. निम्म्याहून बरीच जास्त जाते. पण ती दांडा आखूड असल्यामुळे थेट जात नाही.

७.१ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ४२ मीटर. पूर्ण उंचीचा उभा अँटेना पाव तरंगाचा असतो, त्याला साडेदहा मीटर उंची लागते, ती गाडीवर कुठून आणणार? अडीच मीटरच्या दांड्याचा विकिरण-रोध, म्हणजे एकूण रोधातला लहरी बाहेर टाकणारा वाटा, जेमतेम १.४ ओहम भरतो. तेवढ्यातली ताकद हवेत जाते, बाकी सगळी उष्णता होते. आखूड दांडा फ्रिक्वेन्सीला जुळवायला बुडाशी कॉइल लागते; ती बारीक तारेची असेल तर तिचे ९ ओहम, जमिनीत वाया जाणारे १० धरा. १०० वॉट सोडले की हवेत पोचतात ७.

म्हणून मी आधी कॉइल बदलतो. जाड तार, वेढ्यांमध्ये मोकळी जागा. ९ चे ३ ओहम होतात. मग दांड्याच्या अगदी टोकाला आडव्या तारांचं चाक बसवतो. एरवी करंट वर जाताना शून्यापर्यंत घसरतो, चाकामुळे तो वरपर्यंत टिकतो. करंट पूर्ण समान राहिला तर विकिरण-रोध चौपट होतो. प्रत्यक्षात ४ ओहम मिळाले तरी मी खूश. चाक कॉइलला चिकटून मात्र बसवू नका, फायदा बराचसा जातो.

बहुतेकजण एसडब्ल्यूआरपाशी फसतात (अँटेना रेडिओच्या ५० ओहमशी किती जुळतो याचं माप; १:१ म्हणजे पूर्ण जुळणी). असा अँटेना जुळवणीसाठी काही न जोडता १:१ दाखवतो, म्हणजे एकूण रोध ५० ओहम आहे. त्यातले हवेत जाणारे किती, हे आता तुम्हीच सांगाल. मी बॉनेट, दरवाजे, सायलेन्सरचा पाइप विणलेल्या तांब्याच्या पट्ट्यांनी चॅसीला जोडले, तेव्हा माझा एसडब्ल्यूआर बिघडून ३ च्या वर गेला. तो दिवस मला अजून आठवतो, इतका आनंद झाला होता. वाया घालवणारा रोध घटून एकूण रोध १५ ओहमपर्यंत उतरला होता, त्यातले ४ हवेत जाणारे! जुळवणीसाठी बुडाशी एक छोटी कॉइल जमिनीला (म्हणजे चॅसीला) जोडली आणि मीटरही शांत झाला. हिशेबाने ७ वॉटचे जवळपास २७ झाले, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर जवळपास एक एस-युनिट (सिग्नलची ताकद मोजायची एक पायरी).

याची किंमत बँडविड्थमध्ये, म्हणजे अँटेना न बदलता वापरता येणाऱ्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात, मोजावी लागते. आकार, बँडविड्थ आणि कार्यक्षमता यांची ही ओढाताण अमेरिकन रेडिओ-अभियंता हॅरॉल्ड व्हीलरने १९४७ मध्येच मांडली होती. फ्रिक्वेन्सी थोडी सरकवली तरी मला गाडी थांबवून टोकाची सळई वरखाली करावी लागते, आणि ती मी करतो.