ट्रॉलीवरचे सिनेमे

"ही सगळी कुठे चालली?"

आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत महिन्याच्या पहिल्या शनिवारी सिनेमावेडे जमतात. त्यांच्यातले सर्वांत वयस्क, निवृत्त बस ड्रायव्हर, माझ्या ट्रॉलीपाशी थांबून विचारत होते. ट्रॉलीवर ९४ डीव्हीडी होत्या आणि माझ्या हातात रद्द केल्याचा शिक्का.

एडिंबरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी सहा वर्षं काम करते. दोन वर्षांत ज्या वस्तूची एकदाही देवघेव झाली नाही तिची यादी संगणक काढून देतो, आणि आम्ही त्या वस्तू फडताळातून काढतो. आपल्याकडच्या ग्रंथालयांत याला निर्लेखन म्हणतात. जागा मोजकी असते, नवी पुस्तकं येत असतात, त्यामुळे हे काम मला कधी खटकलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी यादीतलं एकेक नाव मोठ्याने वाचलं.

आजोबांनी वाचलं. मग त्यांचे चार सोबती आले, त्यांनी वाचलं. आमच्या प्रमुख बाई बाहेर आल्या, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "पाच वाजेपर्यंत ज्या कुणी कार्डावर नेईल, त्या राहतील." नियमातच बसत होतं ते. एकदा देवघेव झाली की पुढची दोन वर्षं त्या डीव्हीडीला धोका नाही. मंडळींनी फोन लावले. बारा वाजेपर्यंत माझ्या काउंटरपुढे रांग होती.

मी प्रत्येकाला विचारत होते, हाच का?

आजोबांनी बिल डग्लस या स्कॉटिश दिग्दर्शकाची तीन सिनेमांची त्रयी उचलली होती. 'माय चाइल्डहूड' १९७२चा, 'माय एन फोक' १९७३चा आणि 'माय वे होम' १९७८चा. तिन्ही कृष्णधवल, तिन्ही मिळून तीन तासही भरत नाहीत. "हे माझं गाव," ते म्हणाले. न्यूक्रेगहॉल, एडिंबराच्या पूर्वेला असलेलं खाणकामगारांचं खेडं. डग्लस १९३४ साली तिथेच जन्मला आणि स्वतःचं बालपण दाखवायला कॅमेरा घेऊन तिथेच परतला. आजोबा तेव्हा विशीत होते. खाण १९६८ साली बंद पडलेली, वडील घरी बसलेले. सिनेमात डग्लसच्या लहानपणाचं, म्हणजे जेमीचं काम करणारा मुलगा, स्टीफन आर्चिबाल्ड, नट नव्हताच. डग्लसला तो बस स्टॉपवर भेटला होता.

आता त्या भागात मोठं शॉपिंग सेंटर आहे. मी दर आठवड्याला तिथे जाते, आणि आपण एका खाणीच्या गावाशेजारी उभ्या आहोत हे मला माहीत नव्हतं.

मग त्यांनी माझा रिकामा मग उचलला. "बघ," म्हणाले. सिनेमात जेमी कपात उकळतं पाणी ओततो, ते फेकून देतो, आणि तो गरम कप आजीच्या गारठलेल्या हातांत देऊन तिची बोटं त्याभोवती मिटतो. आजोबांनी ते सगळं करून दाखवलं. शेवटी त्यांची बोटं माझ्या मगाभोवती मिटलेली राहिली. रांगेत कुणी घाई केली नाही.

त्यांच्यामागे डब्लिनच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्या हातात 'रॉकी रोड टू डब्लिन' होता. पॅरिसला राहणाऱ्या पीटर लेनन या आयरिश पत्रकाराने केलेला माहितीपट. छायाचित्रण राऊल कुतारचं, म्हणजे फ्रेंच दिग्दर्शक गोदारचे सिनेमे टिपणाऱ्या माणसाचं. लेननचा प्रश्न साधा होता: क्रांती करून झाल्यावर तिचं करायचं काय? उत्तर म्हणून तो चर्च, सेन्सॉर, शाळा दाखवत जातो. १९६८ साली फ्रान्समधला कान चित्रपट महोत्सव मध्येच बंद पाडला गेला, त्याआधी दाखवलेला हा शेवटचा सिनेमा. आयर्लंडमध्ये त्यावर बंदी आली नाही, पण थिएटरंही मिळाली नाहीत. शिक्षिका म्हणाल्या, "त्यात मुलं एकेक करून उभी राहतात आणि आदिपापावरची, म्हणजे माणूस जन्मतःच पापी असतो या ख्रिस्ती शिकवणीवरची, पाठ केलेली उत्तरं म्हणतात. शाळा आमची नाही, पण उत्तरं तीच होती. मला अजून येतात." आणि त्यांनी एक म्हणून दाखवलं, हात पाठीमागे बांधून, शाळकरी मुलीसारखं.

सगळ्यांकडे एवढं सांगण्यासारखं होतं असं नाही. काहींनी "चांगला आहे" एवढंच सांगून कार्ड पुढे केलं. ग्लासगोच्या एका विद्यार्थ्याने बिल फोर्साइथचा पहिला सिनेमा, 'दॅट सिंकिंग फीलिंग' (१९७९) घेतला. बेकार पोरं स्टीलची सिंक चोरतात, एवढीच गोष्ट. पुढे परदेशी प्रेक्षकांसाठी त्यातले ग्लासगोचे आवाज बदलले होते. या डीव्हीडीवर मूळ आवाज आहेत, आणि त्याला तेच हवे होते. "माझी आजी अशी बोलायची." 'प्रेशर' एका तरुणीने नेला. होरेस ओव्हेचा, १९७६चा, ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट. तोही आमच्या यादीत 'शून्य' होता. सहा वर्षं मी या डीव्हीडी पुसून, लावून, मोजून ठेवल्या. त्यातला एकही सिनेमा मी पाहिला नव्हता, याचं मला त्या दुपारी फार वाईट वाटलं.

चारच्या सुमाराला आजोबा पुन्हा आले. "तू काय नेणार?"

मी उंच कड्याचं चित्र पाहून एक उचलला. 'द एज ऑफ द वर्ल्ड', मायकल पॉवेल, १९३७. आजोबांनी खुर्ची ओढली. सेंट किल्डा हे स्कॉटलंडच्या पश्चिमेचं दूरचं बेट. २९ ऑगस्ट १९३० रोजी तिथले उरलेले ३६ जण बेट सोडून गेले. माणसं कमी झाली, होड्या वल्हवायला हात उरले नाहीत, आजारपणात मदत पोचेना. त्यांनीच सरकारला लिहून कळवलं, आम्हाला न्या. पॉवेलला त्यावर सिनेमा करायचा होता, पण तिथे चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही म्हणून तो शेटलंडमधल्या फूला बेटावर गेला. "जाताना त्यांनी प्रत्येक घरात बायबल उघडं ठेवलं," आजोबा म्हणाले, "आणि शेजारी ओटची छोटी रास."

मी म्हटलं, माझ्या आजीने चूल सारवली होती.

त्यांना कळलं नाही. मग मी सांगितलं. आमचं गाव कोयनेच्या धरणात गेलं. निघायच्या दिवशी सामान बैलगाडीत चढलं तरी आजी घरात होती. तिने शेणाने चूल सारवली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि मग बाहेर आली. ज्या चुलीवर पुन्हा कुणी काही रांधणार नव्हतं ती चूल. आई तेव्हा सहा वर्षांची, दारात उभी राहून बघत होती. साताऱ्याच्या घरात मी हे इतक्यांदा ऐकलंय की ते सांगण्यासारखं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

आजोबांनी गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं. पहिल्यांदा त्यांना ते नीट म्हणता आलं नाही, दुसऱ्यांदा आलं.

पाच वाजता ट्रॉलीवर ११ डीव्हीडी उरल्या, त्यांवर मी शिक्के मारले. 'द एज ऑफ द वर्ल्ड' माझ्या कार्डावर आहे. मागे कुणाची मागणी नसल्याने दोनदा मुदत वाढवून घेतली. मी अजून तो लावलेला नाही. आई जूनमध्ये येतेय, तिच्याबरोबर बघणार आहे.