कोंबड्यांच्या पायांना रात्री कोण चावत होतं?

कोंबड्याच्या पायाला जखम दिसली की आमच्याकडे निदान ठरलेलं असतं. एक तर कोंबडे आपसात झुंजले, नाहीतर मुंगूस आला. आमची वाडी देवगड तालुक्यातली. तिथे एकाने तर हळूच विचारलं, "वहिनी, झुंजीक घालतास काय ह्येंका?" झुंजींना कायद्याने बंदी आहे, तरी कुठेकुठे चालतात हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे कोंबडा लंगडला की संशय आधी मालकावर.

जखमा होत्या त्या दोन वनराजा कोंबड्यांना, म्हणजे जड अंगाच्या सुधारित जातीच्या. नडगीच्या पुढच्या बाजूला आणि बोटांच्या वर खवले गेलेले, खाली लाल मांस, एकाचं नख अर्धं तुटलेलं. गावठी कोंबडा आणि सगळ्या कोंबड्या मात्र धडधाकट. हा फरक पहिल्यापासून मनात खटकत होता.

झुंज म्हणावी तर तुरा शाबूत होता. कोंबडे भांडतात तेव्हा तुरा, डोकं, मान, छाती फुटते; फक्त नडग्या सोलून निघत नाहीत. मुंगसाचं तर शेजारच्या तात्यांनीच खोडून काढलं, "मुंगूस मान धरता, पायाक कित्याक लागतला?" पायाची खरूज असते तिचे किडे खवल्यांच्या खाली घर करतात, पण ते काम सावकाश चालतं. खवले उचलले जातात, पांढरट भुसा धरतो, पाय जाड दिसू लागतो. इथे खवले गुळगुळीत होते, मधलेच तुकडे गायब. देवी आली असती तर तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती खपल्या दिसल्या असत्या. तळवे उलटून पाहिले, कारण जड कोंबडा उंचावरून कडक जमिनीवर उडी मारतो तेव्हा तळव्याला इजा होऊन आत पू धरतो, मधोमध काळी खपली बसते. तेही नव्हतं. आमच्या खुराड्यावर मासेमारीच्या जुन्या जाळ्याचा तुकडा टाकलेला असतो. त्याचा नायलॉनचा धागा पायात अडकला तर पायाभोवती काचतो, जखम गोल कड्यासारखी होते. आमच्या कोंबड्यांची जखम एकाच बाजूची.

मग ठरवलं, जखम कशाने झाली हे राहू दे, कधी होते ते आधी बघू. संध्याकाळी कोंबडे आत शिरताना बॅटरीच्या उजेडात पाय तपासले आणि सकाळी दार उघडायच्या आधी पुन्हा तपासले. सकाळी ताजं रक्त. म्हणजे जे काय होतं ते बंद खुराड्यात, रात्री. त्या संध्याकाळी चुलीतली राख चाळून जमिनीवर पातळ पसरली. सकाळी राखेत बारीक पंजे, मधून ओढलेली शेपटीची रेघ आणि कोपऱ्यात लेंड्या. उंदीर!

जड कोंबड्यांनाच का, हेही मग उलगडलं. वनराजा वरच्या दांडीवर उडून बसू शकत नाही. तो खालच्या दांडीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर झोपतो. गावठी सगळी वर. कोंबड्यांना अंधारात नीट दिसत नाही, त्या बसल्या जागेवरून हलत नाहीत, आणि उंदीर निवांत कुरतडत बसतो. चिऱ्याच्या जोत्याखालची माती पावसात वाहून गेली होती. तिथून वाट होती, आणि आत रात्रभर कणीचं भांडं उघडं.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम बघितली, हाड आणि शिरा ठीक आहेत म्हणाले. सांगितलेलं काम साधं होतं, पण रोज करायचं. कोंबडा अंधार पडल्यावर उचलायचा, तेव्हा तो धडपडत नाही. जुन्या टॉवेलात पंख गुंडाळायचे. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुवायची; लिटरला साधारण नऊ ग्रॅम मीठ. मग पोव्हिडोन आयोडीन चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावायचं. गॉज बांधताना बोटं सुजत किंवा गार पडत नाहीत ना, हे पाहायचं. सासूबाईंनी करंजेल काढून ठेवलं होतं, एकाने रॉकेल सुचवलं. रॉकेलने कातडी भाजते, ते अजिबात नको. माणसांची वेदनाशामक मलमंही डॉक्टरांनी नको म्हटली, काहींतली औषधं पक्ष्यांना बाधतात.

दोघांना पडवीत वेगवेगळ्या डालग्याखाली ठेवलं. लाल रक्त दिसलं की बाकीची कोंबडी त्यालाच टोचायला येतात. खाली भुश्याऐवजी कागद, रोज बदलायचा. पावसाळ्यात खरी भीती माशीची: ओल्या जखमेवर अंडी घातली की दिवसभरातच अळ्या वळवळू लागतात. म्हणून डालग्यावर मच्छरदाणीचा तुकडा टाकला. एकाला अँटिबायोटिक द्यावं लागलं. त्यावर सासूबाईंचा वेगळाच प्रश्न, हाच राखणेचा, म्हणजे गावच्या राखणदार देवाला द्यायचा कोंबडा, आता देवाला चालणार का? डॉक्टरांनी सांगितलं, औषध संपल्यावर ठरावीक दिवस जाईपर्यंत मांस खायचं नाही. राखण पुढे ढकलली. कोंबड्याचं काही बिघडलं नाही.

खुराड्याचं काम त्याहून जास्त झालं. षटकोनी भोकांच्या कोंबडीजाळीतून पिल्लू उंदीर सहज आत येतो, म्हणून अर्ध्या इंचाहून बारीक वेल्ड जाळी आणली, जोत्याभोवती खाली पुरली, चिऱ्यांच्या फटी सिमेंटने भरल्या. वनराजांसाठी दांडी उंच केली आणि चढायला फळी तिरकी लावली. दाणे संध्याकाळीच उचलतो. विष घातलं नाही. विषारी आमिष कोंबड्यांनी टोचलं, किंवा विषाने मेलेला उंदीर मांजराने खाल्ला, तर नवीन आफत. पिंजऱ्यात सुका बोंबील लावला, भजीपेक्षा तो बरा चालतो.

खुराडा साफ करताना गमबूट आणि हातमोजे घातले. सिंधुदुर्गात लेप्टोने, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाने, माणसं दगावली आहेत, आणि उंदराच्या मुताने भिजलेली माती पायाच्या चिरेतूनही बाधते. या बाबतीत मी घरात कुणाचं ऐकून घेत नाही.

नडगीवर आता नवी कातडी आली आहे, खवले मात्र वाकडेतिकडे उगवले. उंदीर काही वाडी सोडून गेले नाहीत. ते मांगरातल्या, म्हणजे सामान ठेवायच्या खोपीतल्या नारळांवर वळले, आणि पिंजरा सध्या तिथेच लावलेला आहे.