टीपीआर चार्टवरचं इंग्रजी

बुधवार, नाईट उतरल्यावर

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासच्या ग्रुपवर आज परत यादी आली. वर ठळक अक्षरांत ‘बँड आठचे शब्द’ (बँड म्हणजे तिथले गुण) आणि खाली प्लेथोरा, युबिक्विटस, पॅरामाउंट. सगळ्या पोरींनी अंगठे दिले. मी नाही दिला. नाईट करून आलेल्या माणसाला एवढा खडूसपणा माफ असावा.

मला आयईएलटीएसमध्ये लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५ हवेत, ब्रिटनमध्ये नर्स म्हणून काम करायला तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची तशी अट आहे. पहिल्या तिघांची फार धास्ती नाही. घोडं अडतं ते रायटिंगला. त्यातले २५ टक्के गुण शब्दसंपत्तीला, आणि तेवढ्यावर या याद्यांचं दुकान चालतं. पण निकष नीट वाचले तर दिसतं, की शब्द नेमका बसलाय का आणि शेजारच्या शब्दाशी त्याचं जमतं का, हेही तपासतात. आपण गप्पा मारतो, पैज लावतो, उपास धरतो. कुणी ‘उपास मारला’ म्हणालं तर व्याकरण शुद्ध असूनही आपण हसणारच की. तिकडेही तसंच. क्राइम ‘कमिट’ करायचा, अवेअरनेस ‘रेज’ करायचा, थ्रेट ‘पोज’ करायची. म्हणून आता वहीत सुटा शब्द लिहायचा नाही, जोडीनंच लिहायचा, असं ठरवलंय.

यादीच हवी तर अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची बरी. न्यूझीलंडच्या या बाईंनी विद्यापीठातली पुस्तकं, लेख असा मजकूर तपासून २००० साली ५७० शब्दकुटुंबं, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं, निवडली. ती चाळताना मला हसूच आलं. स्टेबल, मॉनिटर, इनिशियल, रिस्पॉन्ड, कन्सिस्टंट! राउंडला रोज कानावर पडणारी मंडळी. वाचताना सगळ्यांना ओळखते, पण निबंध लिहायला बसलं की एकही पुढे येत नाही. तिथं आपलं गुड, बॅड आणि व्हेरी इम्पॉर्टंट.

काल रात्री मात्र एक जमलं. डेंग्यूच्या एका पेशंटचा टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाच्या नोंदींचा, चार्ट भरत होते. भरताना लक्षात आलं, रायटिंगच्या पहिल्या प्रश्नात, टास्क वनमध्ये, येतो तो आलेख म्हणजे हाच की! तिथं आलेख देतात आणि किमान १५० शब्दांत वर्णन करायला सांगतात. या पेशंटचा ताप तीन दिवस १०२ ते १०३ च्या मध्ये खालीवर होत होता, ते ‘फ्लक्चुएटेड’. मग उतरला. घरचे खूश, आणि आम्ही सावध, कारण डेंग्यूत खरी काळजी ताप उतरताना असते. नेमक्या तेव्हाच प्लेटलेट घसरतात. इथं मला ‘डिप’ आणि ‘प्लंज’ कायमचे वेगळे झाले. डिप म्हणजे पुढच्या रिपोर्टला परत बघू. प्लंज म्हणजे डॉक्टरांना फोन. मग काउंट दोन रिपोर्टमध्ये तिथंच राहिला, ‘लेव्हल्ड ऑफ’, आणि पहाटेच्या रिपोर्टला जरासा वर, ‘रोज स्लाइटली’. कणकण कशाला म्हणायचं आणि अंग फणफणलं कधी म्हणायचं, हे आपल्याला तरी कुणी यादी देऊन शिकवलं होतं? तापलेल्या कपाळावर हात ठेवूनच कळलं ना!

हँडओव्हर झाल्यावर त्याच आकड्यांवर चार वाक्यं इंग्रजीत लिहून काढली. सोबतची सिस्टर म्हणाली, घरी जा आता बाई.

टास्क टूला हा चार्ट कामाला येणार नाही. तिथं किमान २५० शब्दांत मत मांडायचं, आणि वजन टास्क वनच्या दुप्पट. विषय शहरातली वाहतूक, पोरांचे मोबाईल असले. मला त्यावर मराठीतही चार वाक्यांपलीकडे सुचत नाही, इंग्रजीत काय कपाळ सुचणार? त्यातल्या त्यात, सरकारनं रोग टाळण्यावर जास्त खर्च करावा की उपचारांवर, हा नेहमीचा प्रश्न आपल्या हद्दीतला. उद्या ऑफ आहे, तोच घेते. फक्त उघड्या टाक्या, गच्चीवरचे टायर आणि कुंड्यांखालचं पाणी यावर माझं तोंड सुटलं, तर ४० मिनिटांत आवरणं अवघड आहे.