डे वन ते ऑब्सिडियन: नऊ वर्षांच्या डायरीचं बिऱ्हाड हलवताना

२०१८च्या नरकचतुर्दशीला पहाटे पाचच्या आत आंघोळ उरकून मी डायरीत चार ओळी लिहिल्या होत्या. उटण्याचा वास, बाहेर काळोख, अंगठ्याखाली फुटलेलं कारीट. नव्या घरात, म्हणजे ऑब्सिडियन या नोट्सच्या ॲपमध्ये, ही नोंद ५ नोव्हेंबरला जाऊन बसली. त्या दिवशी धनत्रयोदशी होती. धनत्रयोदशीला आमच्याकडे कोणी कारीट फोडत नाही, म्हणून निदान लक्षात तरी आलं.

पण आधी निघालो कुठून ते सांगतो. नऊ वर्षं मी डे वन या डायरीच्या ॲपमध्ये लिहीत होतो. एकूण २,१४३ नोंदी. ॲपबद्दल तक्रार काही नाही, हात बसला होता. २०२१मध्ये ते ऑटोमॅटिकने, म्हणजे वर्डप्रेस डॉट कॉमवाल्यांनी, विकत घेतलं. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की ॲपचे मालक बदलतात, आपलं लिखाण मात्र आपल्याच कपाटात असलेलं बरं. ऑब्सिडियन प्रत्येक नोट मार्कडाउन, म्हणजे थोड्या खुणा असलेल्या साध्या मजकुराच्या, फाइलीत ठेवतं आणि ती फाइल तुमच्याच डिस्कवर असते. उद्या ऑब्सिडियन नसलं तरी ती नोटपॅडमध्येही उघडेल. निर्णय झाला तो एवढ्यावरच.

निघण्यापूर्वी, ज्या फोनवरून किंवा मॅकवरून एक्स्पोर्ट करणार त्यावर सगळे फोटो पूर्ण उतरू द्या. मी फोन वायफायवर रात्रभर ठेवला होता. मग एक्स्पोर्टमध्ये जेसन निवडा, म्हणजे प्रोग्रामला सहज वाचता येणारी मजकुराची फाइल. पीडीएफ वाचायला देखणी असते, पण तिच्यातून तारखा आणि टॅग परत मिळवणं म्हणजे लोणच्यातून कैरी परत काढणं. जेसनची झिप उघडली की प्रत्येक जर्नलची एक फाइल आणि शेजारी फोटोंचा फोल्डर दिसतो. व्हिडिओ किंवा आवाज जोडलेले असतील तर त्यांचे फोल्डर वेगळे. मुळातली झिप जशीच्या तशी बाजूला ठेवा आणि जेसनमधून मार्कडाउन फाइली बनवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, तिच्या प्रतीवरच चालवा.

माझी स्क्रिप्ट पायथन या प्रोग्रामिंग भाषेत, जेमतेम नव्वद ओळींची. पहिल्या फेरीत काही सेकंदांत संपली, एकही एरर नाही. मी खूश. फोल्डरमधल्या फाइली मोजल्या तर १,६८७. बाकीच्या नोंदी कुठे गेल्या? फाइलीला नाव म्हणून मी फक्त तारीख दिली होती. एका दिवसात तीन नोंदी असल्या की दुसरी पहिलीवर आणि तिसरी दुसरीवर लिहिली जात होती. चूक शंभर टक्के माझी. तेव्हा आधी जेसनमधल्या नोंदी मोजा, मग फाइली मोजा, आणि दोन्ही आकडे जुळल्याशिवाय पुढे एक पाऊलही टाकू नका. फाइल आधीच असेल तर स्क्रिप्टने थांबावं, अशी एक ओळही घाला. नाव आता तारीख अधिक तास-मिनिटं असं आहे. मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं नकोत, विंडोजला ती फाइलीच्या नावात चालत नाहीत.

आता ते कारीट. डे वनच्या जेसनमध्ये नोंदीची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते, शेवटी झेड हे अक्षर. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात लिहिलेलं सगळं तिथे आदल्या तारखेला असतं. मी शहाणपणा करून त्या वेळेची पहिली दहा अक्षरं कापून तारीख म्हणून वापरली होती. रात्री बारानंतर लिहायची सवय असलेल्या माणसाने हे करू नये. माझ्या ३११ नोंदी एक दिवस मागे सरकल्या होत्या.

मग सरसकट साडेपाच तास मिळवले. कारीट जागेवर आलं, पण सिएटल बिघडलं. २०१९च्या जूनमध्ये तिथे, अमेरिकेत, ताईकडे तीन आठवडे होतो. तिथली रात्री नऊची, जेवणानंतरची नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊची होऊन बसली. खरा उपाय समोरच होता: प्रत्येक नोंदीत टाइमझोन नावाचा स्वतंत्र रकाना असतो, ‘एशिया/कोलकाता’ किंवा ‘अमेरिका/लॉस एंजेलिस’ असा. पायथन ३.९पासून झोनइन्फो हे मॉड्यूल सोबतच येतं. वेळ आणि हा रकाना त्याच्या हाती दिला की अमेरिकेतला उन्हाळी तासही तो स्वतःच सांभाळतो. विंडोजवर मात्र त्याला लागणारी टाइमझोनची माहिती, टीझेडडेटा, पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने वेगळी घ्यावी लागते.

फोटोंचं कोडं त्यामानाने सोपं. मजकुरात फोटोच्या जागी एक पत्ता असतो, त्यात ओळख क्रमांक. त्याच नोंदीच्या फोटोंच्या यादीत तो क्रमांक शोधायचा, तिथे एमडी५, म्हणजे फाइलीवरून काढलेला अक्षर-आकड्यांचा ठसा, मिळतो, आणि फोल्डरमधल्या फाइलीचं नाव म्हणजे तो एमडी५ अधिक प्रकार. एकच फोटो दोन नोंदींत लावला असेल तर फाइल एकच असते. त्यामुळे इथे आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी थोडं जास्त सांगतो. फाइलीचं नाव म्हणून आधी मी नोंदीची पहिली ओळ वापरून पाहिली होती. माझ्या लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइट. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा वेगवेगळी चिन्हं आहेत. ‘क्षत्रिय’ आपल्या डोळ्यांना तीन अक्षरं, फाइल सिस्टिमला २४ बाइट. मोजून कापलं तर ‘पुरणपोळ्’ असा पाय तुटलेला शब्द उरतो. म्हणून पहिली ओळ फाइलीच्या आत ठेवली आणि नावात नुसते आकडे. विंडोजवर फाइल उघडताना आणि लिहिताना, दोन्ही वेळा, एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा, नाहीतर आईच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील.

‘ऱ्य’चा घोळ तर मला माहीतच नव्हता. जुन्या कीबोर्डने ‘दुसर्‍या’ लिहिताना र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरलं होतं. नव्या कीबोर्डने ऱ हे वेगळंच अक्षर घेतलं. दिसायला दोन्ही सारखे, शोधायला गेलं की एक सापडतो आणि दुसरा नाही. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, तेही करून हे जुळत नाही, कारण त्या जोडचिन्हाला ते हात लावत नाही. स्क्रिप्टने बदलता आलं असतं. मी मजकूर तसाच ठेवला आणि शोधताना दोनदा शोधतो. डायरीतल्या चुकांनाही वय असतं, असं माझं मत आहे. तुम्ही बदललंत तर भांडणार नाही.

मात्र उलट्या तिरप्या रेघा, म्हणजे बॅकस्लॅश, जरूर काढा. एक्स्पोर्टमध्ये पूर्णविरामाआधी त्या येतात, आणि आपल्याकडे ‘रु.’, ‘डॉ.’, ‘सौ.’ यांना तोटा नाही. फक्त विरामचिन्हाआधीच्याच काढा. मी आधी सगळ्या काढल्या, तर एका नोंदीत उतरवलेला फोल्डरचा पत्ता सलग चिकटून गेला. टॅगमध्ये जागा चालत नाही, ‘पंढरीची वारी’चं ‘पंढरीची-वारी’ करावं लागलं. फाइलीची तयार झाल्याची तारीख भरवशाची नसते, कॉपी केली की बदलते. म्हणून खरी तारीख-वेळ आणि अक्षांश-रेखांश फाइलीच्या अगदी वरच्या यॅमल भागात, म्हणजे माहितीच्या रकान्यांत, लिहा. तिथल्या शीर्षकाला अवतरणचिन्हं विसरू नका.

आणखी एक. झिप म्हणजे तुमची उघडी डायरी, तीही डाउनलोड्समध्ये पडलेली. मॅकवर फाइलव्हॉल्ट, विंडोजवर बिटलॉकर, डिस्क कुलूपबंद करणारं जे असेल ते आधी चालू करा. कुठल्याही फुकट ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये ती टाकू नका, आणि चॅटबॉटकडून स्क्रिप्ट लिहून घेतलीत तर नमुना म्हणून खोटी नोंद द्या. काम झाल्यावर झिप पेनड्राइव्हवर, लॅपटॉपवरची पुसून.

जुनं ॲप मी अजून काढलेलं नाही. रोज एक नोंद दोन्हीकडे उघडून पाहतो, विशेषतः तारीख पाठ असलेले दिवस: वाढदिवस, सण, दवाखान्याच्या फेऱ्या. परवा सिएटलहून परततानाची निघाली. विमानात कुठेतरी समुद्रावर लिहिलेली, फोन अजून सिएटलच्याच वेळेवर. स्क्रिप्टने तीच वेळ घेतली. तिथे खरे किती वाजले होते, हे मलाही ठरवता येईना. तशीच ठेवली.